बांडं पिल्लू: जात नंतर बघू, आधी वाळूत काय दिसतं ते सांगा

प्रश्न थोडक्यात असा. ठाण्यातल्या एका ताईंच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये भाटीला, म्हणजे मांजरीला, चार पिल्लं झाली. भाटीचं शेपूट चांगलं लांब. दोन पिल्लं तिच्यासारखी, तिसऱ्याचं शेपूट बोटभर आणि टोकाला गाठ मारल्यासारखं वाकडं, चौथं बांडं, म्हणजे त्याला शेपूटच नाही. पिल्लं आता पाच आठवड्यांची आहेत. मांजरं विकणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने सांगितलं, "हे मँक्स आहे, पंधरा हजाराला सहज जाईल." शेजारच्या काकू म्हणाल्या, "हे अधू निघणार, आत्ताच कुठेतरी सोडून या." ताईंना विचारायचं आहे की ही जात नक्की कोणती, आणि पिल्लू ठेवावं की नाही.

मी बावीस वर्षं जनावरांचा डॉक्टर आहे, त्यातली शेवटची बारा-तेरा फक्त कुत्र्यामांजरांची. ताई, तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, पण मला त्यामागचा तिसरा महत्त्वाचा वाटतो: या पिल्लाला लघवी आणि शी स्वतःच्या ताब्यात ठेवता येईल का? त्याचं उत्तर मिळालं की ठेवायचं का, कोणाला द्यायचं का, हे आपोआप सुटतं. जातीचं नाव कळल्याने मात्र यातलं काहीच कळत नाही. असं का, ते जरा सविस्तर सांगतो, कारण विकणारा माणूस आणि काकू दोघंही अर्धं अर्धं बरोबर आहेत.

मांजराच्या कमरेला सात मणके असतात. त्यामागे तीन मणके एकत्र जुळून त्रिक हाड होतं आणि त्यापुढे शेपटीचे वीसच्या आसपास मणके. मूत्राशय, गुदद्वार आणि मागच्या पायांच्या काही नसा याच त्रिक हाडाच्या भागातून बाहेर पडतात. शेपूट मधेच थांबलं तर काही बिघडत नाही. पण शेपूट थांबवणारी गडबड जर वर सरकून त्रिक हाडापर्यंत पोचली असेल, तर नसा अर्धवट राहतात. बाहेरून दोन्ही पिल्लं सारखीच भुंडी दिसतात. एक पुढे पंधरा वर्षं मजेत जगतं, दुसरं चार महिन्यांत बिछाने खराब करायला लागतं.

आता मँक्स. इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रात आयल ऑफ मॅन नावाचं बेट आहे, जेमतेम पन्नास किलोमीटर लांब. तिथली बिनशेपटीची मांजरं म्हणजे मँक्स. लांब केसांची असली तर त्यांना किमरिक म्हणतात. बेटावरच्या लोकांना त्यांचा इतका अभिमान की १९७० साली त्यांनी मांजराचं चित्र असलेलं नाणं काढलं. गोष्टीही भरपूर: नोहाच्या नौकेत हे मांजर सगळ्यात शेवटी चढलं आणि दारात शेपूट अडकून तुटलं, किंवा मांजर आणि सशाच्या जोडीतून ही जात झाली. सशाची गोष्ट अर्थातच खोटी, पण ती का सुचली हे मँक्स पळताना पाहिलं की कळतं. मागचे पाय पुढच्यांपेक्षा लांब असतात आणि पळताना काही मांजरं दोन्ही मागचे पाय एकदम उचलतात.

खरं कारण एका जनुकात आहे. त्याला टी किंवा ब्रॅकियुरी म्हणतात, ग्रीकमध्ये त्याचा अर्थच 'आखूड शेपूट'. हा जनुक आधी उंदरात सापडला. पॅरिसमध्ये काम करणाऱ्या नादिन दोब्रोव्होल्स्काया-झावाड्स्काया या रशियन बाईंनी १९२७ मध्ये आखूड शेपटीच्या उंदरांचं वर्णन केलं, तिथून या जनुकाची गोष्ट सुरू होते. गर्भाचा मागचा भाग लांबत जातो तेव्हा हा जनुक कामावर असतो. २०१३ मध्ये मँक्स मांजरांत याच जनुकातले एक नाही, चार वेगवेगळे बिघाड सापडले. परिणाम चौघांचाही सारखाच: त्या प्रतीतून उपयोगी प्रथिन तयार होत नाही.

प्रत्येक पिल्लाला जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईची, एक बापाची. मँक्समध्ये एक प्रत बिघडलेली आणि एक चांगली असते, म्हणजे माल निम्माच. स्वेटर विणायला बसलात आणि लोकर निम्मीच दिली, तर तो नक्की कुठे संपेल हे आधी सांगता येत नाही, तसं हे आहे. म्हणून एकाच वेतात चार प्रकार निघतात. शेपटीचा एकही मणका नाही आणि तिथे खळगा आहे, ते रम्पी. वरून दिसत नाही पण पाठीवरून हात फिरवला की दोन-तीन मणक्यांचा उंचवटा लागतो, ते रम्पी रायझर. आखूड खुंट असलेलं स्टम्पी. आणि जवळजवळ पूर्ण शेपूट असलेलं लाँगी. चौघांचा जनुक तोच. काही वेळा लोकर शेपटीच्या आधीच संपते आणि पाठच उघडी राहते. त्रिक हाड अपुरं, मणक्यांच्या कमानी न जुळलेल्या, नसा तोकड्या. याला मँक्स सिंड्रोम म्हणतात आणि धोका रम्पीत सगळ्यात जास्त असतो.

दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या तर गर्भ पोटातच जातो. म्हणून मँक्सला मँक्स लावलं की वेत लहान होतं. धरलेल्या गर्भांतला सरासरी चौथा भाग जन्मालाच येत नाही. जी जन्मतात त्यात तिघांमागे दोघं हा जनुक घेऊन येतात आणि एक साध्या लांब शेपटीचं. पिढ्यानपिढ्या पैदास करूनही 'शुद्ध' मँक्स, म्हणजे ज्याची सगळी पिल्लं बिनशेपटीचीच होतील असं मांजर, तयार होऊ शकत नाही. शुद्ध मँक्सची हमी देणाऱ्याला एवढंच विचारून बघा.

(जाता जाता: आपल्यालाही शेपूट नाही आणि त्यामागे हाच जनुक आहे. आपल्या आणि गोरिला-चिंपांझीसारख्या बिनशेपटीच्या वानरांच्या पूर्वजांत या जनुकात एक जास्तीचा तुकडा घुसला, असं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवलंय. तोच परिणाम उंदरांत घडवला तेव्हा काही उंदरांच्या मज्जारज्जूतही दोष दिसले. म्हणजे शेपूट घालवण्याची किंमत कदाचित आपल्या पूर्वजांनीही मोजली असावी. मँक्सच्या एक्स-रेकडे तेव्हापासून मी जरा जास्त आपुलकीने बघतो.)

विकणाऱ्याने 'जपानी' असं सांगितलं असतं तर गोष्ट अगदी वेगळी झाली असती. जपानी बॉबटेलचं शेपूट सशाच्या शेपटीसारखं गोंडेदार असतं. ते सात-आठ सेंटिमीटरच्या आतच, पण असतंच. आत मणके वाकडे-तिकडे जुळलेले. दुकानाच्या गल्ल्यावर पंजा हलवत बसलेलं जपानी मांजर तुम्ही पाहिलं असेल, तेही परंपरेने बॉबटेलच. तोक्योच्या गोतोकुजी देवळात त्याच्या रांगाच्या रांगा मांडलेल्या असतात. १६०२ साली क्योटोत मांजरं बांधून न ठेवता मोकळी सोडण्याचा हुकूम निघाला, उंदरांचा बंदोबस्त व्हावा म्हणून. मोकळी मांजरं आपापसात मिसळली आणि आखूड शेपूट पसरलं. लोकांनाही ते चालत होतं, कारण म्हाताऱ्या मांजराचं लांब शेपूट दुभंगतं आणि त्याचा नेकोमाता नावाचा राक्षस होतो, अशी तिकडची समजूत. नागासाकीत तर आजही वाकड्या शेपटीची मांजरं पावलोपावली दिसतात. डच जहाजांबरोबर ती आग्नेय आशियातून आली असं तिथले लोक सांगतात. हे पटण्यासारखं आहे. मलाय द्वीपसमूह, सयाम, ब्रह्मदेश या सगळ्या पट्ट्यात मांजरांची शेपटं निम्मी आणि टोकाला गाठ असलेली असतात, हे डार्विननेही १८६८ मध्ये नोंदवून ठेवलंय.

या मांजरांत टी जनुक ठणठणीत असतो. बदल असतो हेस-७ नावाच्या दुसऱ्याच जनुकात. गर्भाच्या कण्याचे एकेक खण ठरावीक वेळाने पडत जातात, ती वेळ राखणाऱ्यांपैकी हा एक. इथे माल कमी पडत नाही, ताल चुकतो. मणके कमी होतात, पाचरीसारखे होतात, पण मूत्राशयाच्या आणि पायांच्या नसांना सहसा धक्का लागत नाही. दोन्ही प्रती बदललेल्या असल्या तरी गर्भ मरत नाही, म्हणून जपानी बॉबटेल ही जात सरळ चालते, बॉबटेलला बॉबटेलच होतात. आखूड शेपूट दोघांचंही, पण एकाचं फक्त वेगळं दिसतं आणि दुसऱ्याचं जिवाशी येऊ शकतं.

बाकीच्या जाती पटकन उरकतो. रशियाच्या पूर्वेकडच्या कुरिल बेटांवरची कुरिलियन बॉबटेल, अमेरिकेतली अमेरिकन बॉबटेल आणि पिक्सीबॉब. शेवटच्या दोघींत पुष्कळदा मँक्सचाच टी बिघाड असतो, नाव वेगळं असलं तरी. नावावर जाऊ नका म्हणतो ते यासाठीच.

आता तुमच्या पार्किंगकडे येऊ. आई शेपटीची आणि चारातली दोन पिल्लं आखूड. बापाकडे एक बिघडलेली प्रत असेल तर निम्मी पिल्लं अशीच निघायला हवीत. त्यामुळे बाप बांडा असावा हा माझा पहिला अंदाज. पण भाटी माजावर असताना एकापेक्षा जास्त बोके येतात आणि एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगळे असू शकतात, म्हणून यावर फार जोर देत नाही. गाठीचं शेपूट दोन्हींपैकी कुठल्याही जनुकाने होऊ शकतं. मात्र अजिबातच शेपूट नसणं हे हेस-७ चं लक्षण नाही. म्हणून मला काळजी आहे ती चौथ्याची.

त्याआधी एक शक्यता बाजूला काढू. आमच्याकडे साताऱ्याच्या बाजूला शेपूट नसलेल्या कुठल्याही जनावराला सरळ 'बांडं' म्हणतात आणि बहुतेक बांडी मांजरं जन्मतः तशी नसतातच. दारात सापडणं, गाडीच्या इंजिनात बसणं, कुत्र्याने ओढणं, नाळेचा वेढा शेपटीला पडून ते वाळून गळणं, हे मी जास्त पाहिलंय. दोन मुलं एकदा 'जपानी मांजर सापडलं' म्हणून मोठ्या उत्साहाने घेऊन आली होती. एक्स-रेत शेपटीचा शेवटचा मणका आडवा तुटलेला, आणि टोकाला बिनकेसांची चकती. जन्मतः आखूड असेल तर टोकापर्यंत केस असतात आणि शेवटचं हाड सहसा निमुळतं होत जातं. तुमच्या पिल्लांवर पहिल्या दिवसापासून लक्ष होतं असं तुम्ही लिहिलंय, त्यामुळे इथे अपघात नसावा.

मग घरी काय बघायचं? तीन-चार आठवड्यांपर्यंत आईच चाटून पिल्लाला लघवी-शी करवते, म्हणून त्याआधी काहीच कळत नाही. पाच आठवडे ही बघायला सुरुवात करायची योग्य वेळ. दूध पिऊन झाल्यावर भुंड्या पिल्लाला दोनेक तास एकटं, वाळूचा ट्रे असलेल्या खोक्यात ठेवा. खाली पांढरं फडकं अंथरा. वाळूत एका जागी चांगला ओला गोळा दिसला तर उत्तम. फडक्यावर चालेल तिथे थेंब थेंब दिसले, मांड्यांच्या आत केस ओले आणि वास येत असला, झोपेत शीच्या गोळ्या पडत असल्या, तर ते ताब्यात नाही. गुदद्वार नेहमी घट्ट मिटलेलं असावं. कापसाच्या काडीने बाजूला हलकेच स्पर्श केला की ते चटकन आवळतं. सैल, उघडं राहत असेल तर खूण चांगली नाही.

चाल बघताना एक चूक सगळे करतात: पिल्लाला टाइल्सवर चालवतात. गुळगुळीत फरशीवर निरोगी पिल्लूही घसरतं. सतरंजीवर सोडा. पळताना उड्या मारल्या तर हरकत नाही, पण हळू चालताना मागचे पाय एकामागून एक पडायला हवेत. उभं राहताना टाचेपर्यंतचा सगळा पाय जमिनीला टेकवत असेल तर तेही लिहून ठेवा. आणि शेपटीच्या जागचा खळगा नीट बघा. कोरडा, केसांनी झाकलेला असेल तर ठीक. त्यातून पाण्यासारखं काही झिरपत असेल तर वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा, कारण ते छिद्र आत मज्जारज्जूपर्यंत पोचलेलं असू शकतं. खळग्यात बोट घालून मात्र बघू नका. रम्पीला त्या जागी फार दुखू शकतं, हात नेहमी सपाट तळव्याने फिरवावा.

हे सगळं आज ठीक निघालं तरी मी तुम्हाला लगेच 'बिनधास्त रहा' म्हणणार नाही, आणि याला कारण माझी स्वतःची एक चूक आहे. सात-आठ वर्षांपूर्वी सात आठवड्यांचं काळं-पांढरं भुंडं पिल्लू माझ्याकडे आलं. चाल चांगली, पोट मऊ, खेळकर. मी "ठणठणीत आहे" म्हणून लस देऊन पाठवलं. चार महिन्यांचं झाल्यावर घरचे वैतागून परत आले. पिल्लू आजींच्या अंथरुणात रोज घाण करतं, ओरडूनही ऐकत नाही. तपासलं तर मूत्राशय लिंबाएवढं टणक, मोठं आतडं शीने गच्च भरलेलं. एक्स-रेत त्रिक हाडाचे मणकेच अपुरे. ते ऐकत नव्हतं असं नाही, त्याला कळतच नव्हतं. मँक्सचे दोष बहुतेक चार-सहा महिन्यांपर्यंत स्पष्ट होतात, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं आणि तरीही सातव्या आठवड्यात शब्द देऊन बसलो होतो. तेव्हापासून भुंड्या पिल्लाला मी दोन वेळा बघतो, एकदा लसीच्या वेळी आणि एकदा चौथा महिना उलटल्यावर, आणि दुसऱ्या वेळेआधी कोणाला दत्तक द्यायला सांगत नाही.

त्या पिल्लाचं काय झालं? घरचे 'झोपवून टाका' म्हणायच्या बेतात होते. आजींनीच विचारलं, "काय करावं लागेल ते मला शिकवा." मूत्राशय हाताने हलकं दाबून रिकामं करायचं, दिवसातून तीनदा. शी मऊ राहावी म्हणून औषध आणि ओलं खाणं. लघवीला वास वाढला की तपासणी, कारण संसर्ग वारंवार होतो. आजी दोन आठवड्यांत शिकल्या. ते मांजर पाच वर्षं जगलं. प्रत्येक घराला हे जमत नाही आणि ज्यांना जमलं नाही त्यांना मी कधी दोष दिलेला नाही. लघवीबरोबर मागचे पायही गेले असतील आणि वेदना असतील, तर शांत मरण देणं हीच दया, हेही मी स्पष्ट सांगतो. पण तो निर्णय तपासून, एक्स-रे बघून घ्यायचा, पाचव्या आठवड्यात शेजारधर्म म्हणून नाही. आणि मूत्राशय दाबणं हे व्हिडिओ बघून करू नका. डॉक्टरांसमोर स्वतः करून शिका, जोर जास्त झाला तर इजा होते.

शेपूट नाही म्हणून तोल जाईल, गच्चीवरून पडेल, ही भीती मात्र काढून टाका. नसा धड असलेलं भुंडं मांजर भिंतीवर, झाडावर बाकीच्यांसारखंच चढतं. गच्चीला जाळी लावायची ती शेपटीवाल्यांसाठीही लावायचीच.

गाठीच्या शेपटीचं पिल्लू बहुतेक मजेत राहील. तरी त्यालाही चौथ्या महिन्यात एकदा दाखवा. एक विनंती: शेपूट सरळ करायला तेल लावून चोळू नका. हे मी विनोदाने लिहीत नाही, वर्षातून एक तरी माणूस रोज मालिश करून सुजवलेलं शेपूट घेऊन येतो. आत हाडंच जुळलेली आहेत. नळीत घालायची म्हण कुत्र्याची आहे, पण इथेही ते वाकडं ते वाकडंच.

गालाच्या आतून फिरवलेल्या कापसाच्या बोळ्यावरून परदेशी प्रयोगशाळा जनुक तपासून देतात. हौस असेल तर करा, पण त्या पैशात कमरेचे दोन बाजूंनी एक्स-रे, दोन्ही तपासण्या आणि वर नसबंदी बहुतेक होऊन जाईल. नसबंदी आखूड शेपटीच्या दोघांचीही करायचीच, साधारण सहाव्या महिन्यात. भाटीची तर पिल्लं सुटली की लगेच. पंधरा हजारवाल्याने घाई केली तर त्याला सांगा, चौथा महिना उलटू दे, एक्स-रे होऊ दे, मग बोलू. बहुतेक तो परत फोन करणार नाही.

आणि संध्याकाळी पार्किंगमध्ये खाणं ठेवता तेव्हा येणाऱ्या बोक्यांकडे जरा मागून बघत जा. त्यातला एखादा बांडा दिसला, तर पहिली नसबंदी त्याची.